‘नॅसंट’ला ‘नवजात’ म्हणावे का?

एका इंग्रजी लेखात ‘नाशिक्स नॅसंट (nascent) वाईन इंडस्ट्री’ असे शब्द आले आहेत. कोशात नॅसंटसमोर नवजात, उदयोन्मुख आणि प्रारंभिक असे तीन शब्द दिलेत. ‘नाशिकचा नवजात वाईन उद्योग’ असे भाषांतर चालेल का, हा मूळ प्रश्न. त्याला जोडून आणखी एक: इमर्जिंग, इमर्जंट, इन्सिपियंट हे सगळे एकाच अर्थाचे शब्द आहेत का?

‘नवजात’ चालणार नाही. मराठी वाचकाला हा शब्द सरकारी रुग्णालयातल्या नवजात शिशू कक्षातून ओळखीचा आहे. वैद्यकात पहिल्या २८ दिवसांच्या बाळाला नवजात म्हणतात. म्हणजे जन्म झाला, नाळ कापली, वजनाची नोंदही झाली. नॅसंटमध्ये हे अजून व्हायचे असते. तिथे जन्म चालू असतो. हा फरक बारीक वाटतो, पण भाषांतर फसते ते नेमके इथेच.

शब्दाच्या पोटात शिरले की हे स्पष्ट होते. लॅटिनमध्ये ‘नास्की’ म्हणजे जन्मणे. त्याचे जुने रूप ‘ग्नास्की’. त्यातला ‘ग’ पुढे गळाला, पण कॉग्नेट या शब्दात तो अजून टिकून आहे. हा धातू आणि संस्कृतातला ‘जन्’ एकाच मुळाचे, म्हणजे नॅसंट आणि जन्म हे दूरचे भाऊबंद. नेचर, नेशन, नेटिव्ह, रेनेसाँ हीसुद्धा त्याच घरातली मंडळी. नॅसंट हे त्या क्रियापदाचे वर्तमानकालवाचक रूप आहे. संस्कृतात त्याला अगदी तंतोतंत जोड आहे: जायमान. विद्यमान, वर्धमान, दृश्यमान या शब्दांतला ‘मान’ तोच, क्रिया चालू असल्याचे सांगणारा. ‘नवजात’मधला ‘जात’ मात्र क्रिया संपल्याचे सांगतो. तेव्हा व्याकरणाने काटेकोर प्रतिशब्द ‘जायमान’ हाच. पण तो वापरा असे कोणाला सांगणार नाही. वर्तमानपत्रात ‘जायमान उद्योग’ छापून आले तर निम्मे वाचक तिथेच थांबतील आणि उरलेल्यांना मुद्रितशोधकाची चूक वाटेल. शब्द वापरायचा नसला तरी त्यातला काळ डोक्यात ठेवायचा.

आता इमर्ज. त्याचे मूळ पाण्यातले आहे. ‘मर्गेरे’ म्हणजे बुडणे, बुडवणे. त्याला ‘ए’ हा बाहेर दाखवणारा उपसर्ग लागला की बुडालेले वर येणे. मर्ज, सबमर्ज, इमर्ज ही सगळी त्याच पाण्याची रूपे. नाशिककराला यासाठी वेगळे उदाहरण नको. गोदावरीला पूर आला की तो किती मोठा, हे रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला की छातीला पाणी लागले यावर ठरते. पाणी ओसरते तसा मारुती पुन्हा वर दिसू लागतो. ही इमर्ज होण्याची क्रिया. मारुती कुठेही नव्याने जन्मलेला नाही. तो होताच, आता दिसू लागला. नॅसंटमध्ये जी गोष्ट घडत असते ती आधी नव्हतीच. म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा तो हा: ही गोष्ट आधी होती आणि आता उघड होते आहे, की आत्ताच घडते आहे?

द्राक्षबागेतले लोक हा भेद रोज पाळतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नवी काडी येते आणि साधारण दीड-दोन महिन्यांच्या सुमारास त्या काडीच्या डोळ्यांत, म्हणजे फुटव्याच्या कळ्यांत, सूक्ष्म घडनिर्मिती सुरू होते. बाहेरून काही दिसत नाही. डोळा फोडून भिंगाखाली पाहिला तरच कळते. त्या दिवसांतला घड हा खरा नॅसंट. पुढे ऑक्टोबरची फळछाटणी झाली, डोळे फुगले, पोंगा फुटला आणि घड डोळ्यांना दिसू लागला की तो इमर्ज झाला. त्याला ‘आता जन्मला’ म्हणणे शेतकऱ्याला हास्यास्पद वाटेल, कारण त्याचा निकाल मे-जूनमध्येच लागलेला असतो. त्या काळात आभाळ भरून राहिले, काडीला ऊन कमी पडले, तर पुढे गोळी घड निघतात किंवा घड जिरून त्याची बाळी, म्हणजे नुसता वेलतंतू, होते. नॅसंट या शब्दाची हीच दुसरी बाजू आहे. त्यात वाढीची शक्यता असते, हमी नसते. कोशातला ‘उदयोन्मुख’ इथे थोडा जास्त आशावादी पडतो.

मग मराठीत काय लिहायचे? इंग्रजी जिथे विशेषण लावते तिथे मराठी बहुतेक वेळा क्रियापदाने काम करते, आणि त्यासाठी आपल्याकडे इंग्रजीपेक्षा बारीक अवजारे आहेत. ‘रुजू लागलेली चळवळ’ म्हणजे क्रिया सुरू झाली आहे. ‘रुजू पाहणारी चळवळ’ म्हणजे धडपड आहे, यशाची खात्री नाही. ‘येऊ घातलेला कायदा’ अजून आलेला नाही, पण येणार हे ठरल्यासारखे आहे. ‘नुकतीच रुजलेली’ म्हटले की क्रिया संपली. ‘उगवता’ मध्ये क्रिया चालू आहे, पण त्यात कौतुकही मिसळलेले असते. नॅसंटला यांतले पहिले दोन बसतात. ‘घातलेला’ एक पाऊल अलीकडे राहतो, ‘नुकताच’ एक पाऊल पुढे जातो.

काही नमुने पाहा. ‘नॅसंट डेमॉक्रसी’ला ‘नवजात लोकशाही’ ऐवजी ‘अजून मूळ धरत असलेली लोकशाही’. ‘नॅसंट होप’ला ‘आशेला पालवी फुटू लागली’, किंवा जरा सौम्य हवे असेल तर ‘आशेचा कोंब’. ‘नॅसंट सस्पिशन’ला ‘मनात शंका डोकावू लागली’. कथेतले वाक्य असेल तर ‘मनात पाल चुकचुकली’ हे सरळ वापरावे, विशेषण गेले तरी बिघडत नाही. ‘नॅसंट सायक्लोन’ला ‘आकार घेत असलेले वादळ’. एखाद्या पोराच्या ओठांवरच्या ‘नॅसंट मुस्टॅश’ला तर मराठीत ठेवणीतला शब्द आहे, मिसरूड फुटणे. तिथे ‘उदयोन्मुख मिशी’ लिहिणाऱ्याला संपादकाने चहा पाजून घरी पाठवावे.

एका सापळ्याबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण चांगले लिहिणारेही त्यात सापडतात. उपजणे म्हणजे जन्मणे, म्हणून ‘नॅसंट टॅलेंट’ला ‘उपजत कला’ असे लिहिले जाते. पण मराठीत ‘उपजत’ म्हणजे जन्मापासून अंगी असलेली. इंग्रजीत त्यासाठी इनेट हा शब्द आहे आणि तोही त्याच ‘नास्की’पासून आलेला आहे. दोन्ही भाषांनी जन्माच्या धातूपासून दोन उलट बाजूंचे शब्द काढले: एक जन्मतःच असलेल्याचा, एक अजून जन्मत असलेल्याचा. ‘तिची नॅसंट टॅलेंट’ म्हणजे ‘तिच्यातली उमलू लागलेली कला’. ‘उपजत’ लिहिले की अर्थ पार उलटा होतो, आणि वाक्य सफाईदार वाटत असल्याने चूक लक्षातही येत नाही.

विज्ञानात मात्र नियम बदलतो. रसायनशास्त्राच्या मराठी लेखनात ‘नवजात हायड्रोजन’, ‘नवजात ऑक्सिजन’ हे शब्द रूढ आहेत आणि तिथे आपली हुशारी दाखवायची गरज नाही. जस्तावर विरल सल्फ्युरिक आम्ल टाकले की त्या क्षणी सुटणारा हायड्रोजन साध्या हायड्रोजन वायूपेक्षा अधिक क्रियाशील असतो, अशी जुनी मांडणी होती. आता ही मांडणी मागे पडली आहे. धातूच्या पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉन थेट मिळतात म्हणून ती क्रिया (क्षपण) होते, असे मानले जाते. पण शब्द राहिला. तसेच ऑक्सिजनचे. क्लोरीन पाण्यात गेला की हायपोक्लोरस आम्ल तयार होते आणि त्यातून सुटणारा ऑक्सिजन रंग उडवतो, असे शाळेत शिकवतात. गावच्या विहिरीत टाकायच्या टीसीएल पावडरचे पाण्यातले रसायन याच हायपोक्लोरस आम्लाचे. जीवशास्त्रात मात्र पुन्हा सावध राहावे. रायबोसोमवर, म्हणजे पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रावर, विणली जात असलेली प्रथिनाची साखळी म्हणजे ‘नॅसंट पॉलिपेप्टाइड’. ती पूर्ण झालेली नाही, तिचे एक टोक अजून यंत्रात अडकलेले आहे. तिला ‘नवजात’ म्हटले तर ती सुटी झाली असा अर्थ होतो. ‘घडत असलेली साखळी’ म्हणावे.

व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात ‘नॅसंट आंत्रप्रेन्युअर’ भेटतो आणि तिथे तर शब्दाला आकडे बांधलेले आहेत. ग्लोबल आंत्रप्रेन्युअरशिप मॉनिटर या आंतरराष्ट्रीय पाहणीत, जो स्वतःचा व्यवसाय उभारण्याच्या प्रत्यक्ष कामाला लागला आहे पण ज्याने अजून तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ पगार वा मोबदला दिलेला नाही, तो नॅसंट. तीन महिन्यांच्या पुढे ४२ महिन्यांपर्यंत तो ‘नव्या व्यवसायाचा मालक’, त्यानंतर प्रस्थापित. म्हणजे अंबड किंवा सातपूर एमआयडीसीत गाळा घेऊन यंत्रे बसवत असलेला माणूस नॅसंट. दोन वर्षे माल पाठवत असलेला नव्हे. इथे ‘नवउद्योजक’ लिहिले तर दोन्ही गट एकत्र होतात आणि तक्त्यातले आकडे जुळत नाहीत. ‘उभारणीतला उद्योजक’ हा शब्द मला त्यातल्या त्यात बरा वाटतो. एकदा निवडला की मजकुरात शेवटपर्यंत तोच ठेवावा.

इमर्जिंगचे मराठी त्या मानाने सोपे आहे. ‘इमर्जिंग प्लेअर’ला ‘उदयोन्मुख खेळाडू’ हे क्रीडापानांनी कधीच पक्के केले आहे. ‘इमर्जिंग मार्केट’ ही संज्ञा १९८१ मध्ये आंत्वान व्हान आख्तमाल यांनी घडवली, ते तेव्हा जागतिक बँक समूहातल्या इंटरनॅशनल फायनान्स कॉर्पोरेशनमध्ये होते. तिसऱ्या जगातले शेअर बाजार असे म्हटले की गुंतवणूकदार बिचकतात, म्हणून जरा उभारी देणारे नाव शोधले गेले. त्यामुळे भारतासारख्या अवाढव्य अर्थव्यवस्थेलाही ते नाव लागते. तिथे ‘बाल्यावस्थेतील बाजारपेठ’ लिहू नये, ‘उदयोन्मुख बाजारपेठ’ लिहावे. आरोग्य विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना लागणारे ‘इमर्जिंग डिसीजेस’ हे मात्र ‘उदयोन्मुख रोग’ करू नका. उदयोन्मुख हा शब्द गौरवाचा आहे, रोगाला शोभत नाही. ‘नव्याने उद्भवणारे रोग’, आणि आटोक्यात आलेले पुन्हा आले तर ‘पुन्हा डोके वर काढणारे रोग’. डोके वर काढणे हा वाक्प्रचार आपण नकोशा गोष्टींसाठीच वापरतो, तेव्हा तो इथे फिट्ट बसतो.

इमर्जंट हा या सगळ्यांत सर्वांत घातक शब्द. दिसतो इमर्जिंगसारखा, पण त्याचे चार वेगळे संसार आहेत. पहिला तत्त्वज्ञानाचा आणि प्रणालींचा. इंग्रज तत्त्वज्ञ जॉर्ज हेन्री ल्यूइस यांनी १८७५ मध्ये या अर्थाने तो रूढ केला: घटकांत जो गुण कुठेच नाही तो ते एकत्र आल्यावर दिसतो. द्वारका चौकातल्या वाहतूक कोंडीचे उदाहरण घ्या. कोणत्याही एका रिक्षात, ट्रकमध्ये किंवा दुचाकीत कोंडी नावाचा गुण नसतो. ती सगळ्यांच्या एकत्र येण्यातून उपजते आणि पुढचा ट्रक निघून गेला तरी मागे उरते. याला ‘उद्भूत गुणधर्म’ म्हणता येईल. सामान्य वाचकासाठी ‘एकत्र आल्यावर उपजणारा गुणधर्म’ असे पहिल्यांदा उलगडून पुढे ‘उद्भूत’ वापरावे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या प्रतिमानांबद्दल (मॉडेलांबद्दल) ‘इमर्जंट अॅबिलिटीज’ म्हणतात तोही हाच अर्थ: लहान प्रतिमानांत नसलेली, आकार वाढल्यावर दिसू लागलेली क्षमता. ती ‘उदयोन्मुख क्षमता’ नव्हे.

दुसरा संसार वनस्पतिशास्त्राचा. नांदूर मधमेश्वरच्या उथळ पाण्यात मुळे चिखलात आणि पाती पाण्याच्या वर, असे पाणकणीस उभे असते. तशा वनस्पतींना इमर्जंट म्हणतात. हे रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, असल्याने त्याच्या अहवालांत हा शब्द येतोच. ‘उदयोन्मुख वनस्पती’ असे भाषांतर केल्यास वाचकाला नवी लागवड वाटेल. ‘पाण्याबाहेर डोकावणाऱ्या वनस्पती’ हे साधे आणि अचूक आहे. तिसरा संसार पर्जन्यवनाचा, तिथे इतरांच्या छत्रावर माथा काढणाऱ्या झाडांच्या थराला हेच नाव आहे.

चौथा रुग्णालयातला, आणि इथली चूक महागात पडते. अमेरिकी वैद्यकीय इंग्रजीत इमर्जंट म्हणजे तत्काळ करावयाचे. शस्त्रक्रियांची प्रतवारी तिथे इलेक्टिव्ह, अर्जंट आणि इमर्जंट अशी चढत जाते. इलेक्टिव्ह म्हणजे सवडीने ठरवून करायची, अर्जंट म्हणजे तातडीची, इमर्जंट म्हणजे क्षणाचाही उशीर न चालणारी. इमर्जन्सी शब्दाशी असलेले नाते इथे उघडे पडते. संमतीपत्राच्या भाषांतरात ‘उदयोन्मुख शस्त्रक्रिया’ किंवा ‘नव्याने विकसित होणारी शस्त्रक्रिया’ असे आले, तर रुग्णाच्या नातेवाइकांना वाटेल की डॉक्टर काही नवा प्रयोग करताहेत. असा अर्थ लागला तर सही करताना हात मागे जाणारच.

इन्सिपियंट हा शब्द बहुधा नकोशा गोष्टीच्या पहिल्या खुणेसाठी येतो. दंतवैद्याचा ‘इन्सिपियंट कॅरीज’ म्हणजे दातावर पांढरट डाग आला आहे, खड्डा पडलेला नाही: ‘कीड लागायला सुरुवात’. एकलहरेसारख्या वीज केंद्रात किंवा कुठल्याही मोठ्या उपकेंद्रात तेल भरलेल्या ट्रान्सफॉर्मरवर बुखोल्ट्झ रिले असतो. आतले इन्सुलेशन हळूहळू खराब होऊन तेलातून वायूचे बुडबुडे निघू लागले की ते रिलेत साठतात, तेलाची पातळी खाली येते आणि आधी नुसती घंटा वाजते. मोठा दोष झाला आणि तेलाचा लोंढा आला तर ट्रान्सफॉर्मर थेट बंद पडतो. त्या घंटेच्या वेळचा जो बिघाड, तो इन्सिपियंट फॉल्ट. सरकारी भाषेत ‘प्रारंभिक दोष’ म्हणतात; देखभालीच्या पुस्तिकेत ‘आत धुमसू लागलेला बिघाड’ असे एकदा तरी लिहावे, वाचणाऱ्याला घंटेचे महत्त्व लगेच कळते. याला नॅसंट कोणी म्हणत नाही, कारण नॅसंट गोष्ट वाढावी अशी आपली इच्छा नसली तरी बहुधा निदान हरकत नसते.

इन्कोएट (inchoate) हा शब्द कायद्यात भेटतो. उच्चार इन्चोएट नाही. मुळात तो बैल जुंपण्याशी संबंधित असावा, नांगर जुवाला बांधायच्या पट्ट्यावरून आलेला, असे व्युत्पत्तिकार मानतात. म्हणजे जुंपले आहे, नांगरट व्हायची आहे. चिथावणी, कट आणि प्रयत्न हे इन्कोएट गुन्हे. भारतीय न्याय संहितेत ते एकाच प्रकरणात, चौथ्यात, आणले आहेत. मराठीत ‘अपूर्ण गुन्हे’ म्हणता येते. साहित्यात तो ‘अजून आकार न आलेला’ विचार दाखवतो.

बडिंग आणि फ्लेजलिंगबद्दल फार सांगण्यासारखे नाही. बडिंग माणसाला लागते, ‘होतकरू लेखक’ म्हणावे. फ्लेजलिंग म्हणजे नुकते पंख फुटलेले. संस्थेसाठी ‘अजून रांगणारी’ छान बसते.

इंग्रजीत नॅसंट स्वतः वापरायचा असेल तर तीन-चार गोष्टी सांभाळाव्यात. उच्चार नॅसंट किंवा नेसंट, दोन्ही मान्य. मधला ‘सी’ उच्चारायचा नाही, म्हणून नॅस्केंट किंवा नॅशंट चूक. तो बहुधा नामाच्या आधी येतो. ‘द इंडस्ट्री इज स्टिल नॅसंट’ चालते. ‘मोअर नॅसंट’ टाळावे, जन्म कमीजास्त होत नाही. व्यवस्थापनातला ‘नॅसंट आंत्रप्रेन्युअर’ सोडला तर माणसाला, इमारतीला, रस्त्याला, बाळाला तो लावू नये. ‘नॅसंट बेबी’ हे ऐकायलाच विचित्र. उद्योग, चळवळ, लोकशाही, कल्पना, भावना अशा वाढू शकणाऱ्या गोष्टींनाच लावावा. आपल्याकडच्या इंग्रजीत ‘अॅट अ नॅसंट स्टेज’ सर्रास लिहितात. चूक नाही, पण त्यात ‘स्टेज’ फुकटचा आहे.

शेवटी त्या वाईनच्या वाक्याकडे येऊ. इथे शब्दाइतकीच लेखाची तारीख महत्त्वाची. नाशिकच्या सुला या वाईन कंपनीची पहिली वाईन २००० मध्ये बाजारात आली, राज्याचे द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ चे, विंचूरचे वाईन पार्क त्याच धोरणातले. लेख त्या सुमाराचा असेल तर ‘नॅसंट’ अगदी बरोबर, आणि मराठी होईल ‘नाशिकचा नुकता बाळसे धरू लागलेला वाईन उद्योग’. लेख आजचा असेल तर गोष्ट वेगळी. सुलाचे शेअर डिसेंबर २०२२ मध्ये बाजारात नोंदले गेले, ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकन आहे, शनिवार-रविवारी गंगापूर धरणाच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते. या उद्योगाला अजून नॅसंट म्हणणे ही मूळ लेखकाची सवय आहे, माहिती नव्हे. भाषांतरकाराने मूळ बदलू नये, पण संपादकाला कळवावे. तोवर ‘नाशिकचा तुलनेने तरुण वाईन उद्योग’ असे लिहिले तर लेखकाशी बेइमानी होत नाही आणि पिंपळगावचा वाचकही हसत नाही.